भट्टीचा वाटा, गोठ्याचा वाटा

दसऱ्याच्या आगेमागे धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होतात. संचालकांपैकी एखादं जोडपं सत्यनारायणाच्या पूजेला बसतं, बॉयलरच्या दाराला झेंडूचं तोरण लागतं, नारळ फुटतो आणि पेटता काकडा भट्टीत जातो. त्याच सुमाराला तुळजापुरात नवरात्राची गर्दी असते. मंडळांची पोरं भवानीची ज्योत घेऊन अनवाणी आपापल्या गावाकडे धावत निघालेली असतात. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अग्नी’ हा विषय सुचवला तेव्हा मी बॉयलर निवडला. जिल्ह्यातली सर्वांत मोठी आग तिथे जळते, आणि तिच्या पोटात काय घालायचं यावर शेतकरी, कारखानदार आणि सरकार या तिघांचंही काहीतरी अडलेलं आहे.

काकडा आत गेला की लगेच वाफ मिळत नाही. आधी लाकडाच्या ओंडक्यांवर मंद जाळ धरतात. आतल्या विटांचं अस्तर आणि पाण्याच्या नळ्या एकदम तापल्या तर तडकतात, म्हणून तापमान तासातासाने चढवत नेतात. मग मागच्या हंगामातला राखून ठेवलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, येतो. ऊस गाळपाला लागला की ताजा बगॅस पट्ट्यावरून थेट भट्टीत पडू लागतो. इथवर सगळं उसाचंच. कोळसा, भुसा दाबून केलेली ब्रिकेट, सोयाबीनची गुळी म्हणजे मळणीनंतरचं भुसकट, यांची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

भट्टीच्या तोंडाशी

ऐन हंगामात बॉयलर हाउसमध्ये उभं राहिलं की पंख्यांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जे काही सांगायचं ते हातांनी. तिथला जुना बॉयलर अटेंडंट, ज्याला पोरं मामा म्हणतात, निळी काच डोळ्यांसमोर धरून भट्टीच्या छोट्या खिडकीतून आत बघतो. उघड्या डोळ्यांना तिथे नुसता पांढरा झगमगाट दिसतो. निळ्या काचेतून ज्वाळेचा आकार कळतो. मग तो बाहेर येऊन धुराड्याकडे मान वर करतो. धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे. पांढरा आणि जड असेल तर इंधन ओलं आहे. मीटर तो बघतोच, पण या दोन गोष्टी बघून झाल्यावर.

कोळसा आणि शेतमालाचं इंधन एकाच भट्टीत जळतं खरं, पण दोघांची जळायची तऱ्हा वेगळी. आपल्याकडच्या कोळशात उडून जाणारा ज्वलनशील वायू साधारण पाव हिस्सा असतो, बाकी कर्ब आणि राख. तो शेगडीवर बसतो आणि सावकाश, खालून लाल होत जळतो. बगॅस, भुसकट, तुराट्या यांत हाच वायू दोन तृतीयांशाहून जास्त असतो. भट्टीत पडता पडताच, हवेत तरंगत, ते पेट घेतात. कोळशाला हवा शेगडीच्या खालून हवी, तर भुसकटाला वरून, ज्वाळेच्या कमरेशी. कोळशाचा वाटा कमी करून भुसकट वाढवलं आणि हवेच्या झडपा तशाच ठेवल्या, तर अर्धवट जळलेला कर्ब धुराड्यातून निघून जातो आणि राखेत काळे कण दिसायला लागतात. पैसे देऊन घेतलेलं इंधन असं आभाळात जातं.

दुसरी अडचण पाण्याची. गिरणीतून ताजा आलेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. भट्टीला आधी ते पाणी उडवावं लागतं, उष्णता नंतर मिळते. म्हणून ओल्या बगॅसच्या किलोमागे सव्वादोन हजार कॅलरीच्या आसपास उष्णता हाती येते. आपला मध्यम प्रतीचा कोळसा चार हजारांच्या घरात असतो, चांगली सुकवून दाबलेली ब्रिकेट त्याच्या जवळपास पोचते. अवकाळी पावसात भिजलेला माल आला की ज्वाळा खाली बसते, वाफेचा दाब पडतो. अशा वेळी शेगडीवर कोळशाचा तापलेला थर असेल तर तो दाब सावरून धरतो. मामांना कोळसा आवडतो तो एवढ्याचसाठी.

तिसरी अडचण नळ्यांवर जमणाऱ्या थराची. पिकांच्या अवशेषांत पोटॅश भरपूर असतं, काहींत क्लोरिनही. पोटॅशमुळे राख कमी तापमानालाच मऊ पडते, चिकट होते आणि वाफ तापवणाऱ्या नळ्यांवर जाऊन बसते. शेगडीवर तिचे काचेसारखे गोळे होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. ते लांब सळईने फोडावे लागतात, आणि ते काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर भट्टीची धग थेट येते. मी पाहिलं तेव्हा दोघं आळीपाळीने सळई मारत होते. ज्याची पाळी संपे तो बाजूला जाऊन ओला टॉवेल तोंडावर धरून बसे. कोळशाच्या राखेत वाळू आणि माती जास्त, म्हणून दोन्ही राखा एकत्र आल्या की हा चिकटपणा काहीसा कमी होतो. मिश्रण जाळण्याचा हा एक फायदा कागदावर फार कमी वेळा लिहिला जातो, पण सळई मारणाऱ्याला तो पक्का माहीत असतो.

साखर कारखान्याला कोळसा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस मिळतो. कारखाना नीट चालवला तर स्वतःची वाफ आणि वीज भागवून बगॅस उरतो. त्या उरलेल्यावरच सहवीजनिर्मिती उभी राहिली. पूर्वीचे बॉयलर कमी दाबाचे होते, बगॅस कसाही जाळून संपवणं हेच त्यांचं काम. आता सत्त्याऐंशी किलो दाबाचे, पाचशे अंशांच्या वर वाफ तापवणारे बॉयलर बसले आणि त्याच बगॅसमधून महावितरणला विकण्याइतकी वीज निघू लागली.

पण हंगाम चार-पाच महिन्यांचा. डिस्टिलरी मात्र जवळपास वर्षभर चालवायची असते, कारण इथेनॉलचा पुरवठा बारमाही लागतो. डिस्टिलरीतून मद्यार्क निघाल्यावर उरतो तो काळा, दाट स्पेंट वॉश. तो नदीनाल्यात सोडायला मनाई आहे. म्हणून तो आटवून पाकासारखा घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये फवारून जाळतात. हा पाक एकटा नीट जळत नाही. त्याच्या जोडीला बगॅस किंवा कोळसा द्यावाच लागतो. जिल्ह्यात साखरेबरोबर डिस्टिलरी आल्या तसा कोळशाचा ट्रकही बारमाही झाला.

आणि मग दुष्काळ. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना हा जिल्हा कळायला एक उन्हाळा लागतो. मांजरा आणि तेरणा या दोन नद्यांच्या आधाराने इथे ऊस उभा राहिला, पण पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात दोन पावसाळे कोरडे गेले की ऊस संपतो. २०१५–१६ साली तेच झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच जिल्ह्यातून, धाराशिव स्टेशनावरून. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ऊस नाही म्हणजे बगॅस नाही. ढोकीचा तेरणा कारखाना, मराठवाड्यातल्या सहकारी साखर उद्योगाचं एके काळचं मोठं नाव, बरीच वर्षं बंद राहिला तो केवळ दुष्काळामुळे असं म्हणणं बरोबर होणार नाही. कर्ज आणि कारभार हेही होतेच. पण उसाच्या भरवशावरच्या भट्टीचं इथे काय होऊ शकतं, हे ढोकीने पाहिलेलं आहे.

म्हणून नियमांतही या वास्तवाला जागा ठेवली गेली. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या अपारंपरिक ऊर्जेच्या नियमांत बायोमासवरच्या वीज प्रकल्पांना वर्षभराच्या एकूण इंधनात पंधरा टक्क्यांपर्यंत कोळशासारखं खनिज इंधन वापरण्याची मुभा होती. मोठ्या औष्णिक केंद्रांना सरकार आता कोळशात थोडा बायोमास मिसळायला सांगतं, तर आपल्याकडे बायोमासमध्ये थोडा कोळसा मिसळण्याची रीत आधीपासून आहे.

बांधावरचं गणित

खरिपात या जिल्ह्याचं सर्वांत मोठं पीक सोयाबीन. कळंब, वाशी, उमरगा, लोहारा, कुठेही जा, सप्टेंबर-ऑक्टोबरात कापलेल्या पिकाच्या बनिमी रचलेल्या दिसतात. मळणीयंत्र बनिमीशेजारी लागतं, दाणा एका तोंडातून पोत्यात आणि गुळी दुसऱ्या तोंडातून ढिगात. काढणी गुत्त्यावर, मळणी पोत्यामागे भाव ठरवून. गुळीला हिशेबात जागा नसते. शेत रब्बीच्या हरभऱ्या-ज्वारीसाठी ओल असेपर्यंत मोकळं करायचं असतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी ढिगाला काडी लावली जाते. चार दिवस सगळ्या शिवारावर धुराचा पडदा. हा धूर आणि भट्टीचा धूर यांत निवड करायची असेल तर भट्टीचा धूर बरा. तिथे राख अडवायची यंत्रणा असते आणि उष्णतेचा उपयोग होतो.

मात्र सगळीच गुळी जळत नाही. उस्मानाबादी शेळी ही जात या जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाते. ती आणि तिची करडं सोयाबीनच्या शेंगांची टरफलं आवडीने खातात. म्हशीला गुळी नुसती घालत नाहीत, कडब्याच्या कुट्टीत मिसळतात. ज्या घरी दोन शेळ्या आहेत ते घर गुळी जाळत नाही, ताडपत्रीखाली झाकून ठेवतं. २०१६ आणि २०१९ च्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या त्यांना गुळी टाकाऊ आहे हे कोणी पटवून देऊ शकणार नाही. त्या वर्षांत बाजारात जे काही वाळलेलं मिळेल ते जनावरांच्या तोंडी गेलं.

तुराट्यांचीही अशीच गोष्ट. तूर बडवून झाली की तुराट्यांचे भारे बांधावर उभे राहतात. त्यांचा कूड होतो, खराटे होतात, आणि राहिलेल्या चुलीत जातात. गॅसची टाकी बहुतेक घरांत आली आहे, पण पाणी तापवायला आणि भाकरी थापायला चूल अजून पेटते. शेत नसलेल्या बायका मालकाला विचारून उरल्यासुरल्या तुराट्या आणि धसकटं वेचून नेतात. पैसे कोणी मागत नाही. आता ठेकेदार ट्रॅक्टर लावून बांधावरूनच तुराट्या उचलू लागला, आणि शेतकऱ्याला त्याचे दोन पैसे मिळू लागले, की हे वेचणं बंद होतं. शेतकऱ्याला पैसे मिळावेत, याबद्दल दुमत नाही. पण त्या बाईचं सरपण गेलं, याची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही, आणि ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

उसाच्या पाचटाबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. पाचट भट्टीकडे नेऊ नये. खोडव्यात सरीआड पाचट ठेवलं तर पाण्याची एक-दोन पाळी वाचते आणि ते कुजून जमिनीत जातं. मराठवाड्यातल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच अर्ध्या टक्क्याच्या खाली आलेला आहे. गुळी किंवा पाचट जाळलं की त्यातला नत्र आणि गंधक हवेत जातो, राखेत राहतं ते पोटॅश आणि थोडं स्फुरद. कृषी विद्यापीठं पाचट कुजवण्याचं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तरी ऊसतोड झाल्याबरोबर फड पेटवण्याची सवय जाता जात नाही, आणि त्यात ‘पेटवायचंच आहे तर आम्हाला द्या’ म्हणणारा ग्राहक भेटला तर ती कधीच जाणार नाही.

पांढऱ्या कोळशाचा कारखाना

सुटी गुळी दूरवर नेणं परवडत नाही. ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगते, रस्ता अडतो आणि वजन भरत नाही. म्हणून मधे ब्रिकेटचा कारखाना येतो. लोक या ब्रिकेटला पांढरा कोळसा म्हणतात. पत्र्याची शेड, बाहेर ढीग, आत दळणारं यंत्र, सुकवणारा लांब पाइप आणि शेवटी दाबयंत्र. भुसा बारीक करायचा, त्यातलं पाणी दहा-बारा टक्क्यांवर आणायचं आणि साच्यातून जोराने दाबून काढायचं. गूळ, डिंक काही घालावं लागत नाही. वनस्पतीतलं लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होतं आणि तेच भुशाला बांधून ठेवतं. साच्यातून मनगटाएवढी जाड कांडी एकेक धक्क्याला पुढे सरकत येते, गरम, वाफ सोडणारी. ती हातात घेतली तर भाजलेल्या शेंगांसारखा वास येतो.

या धंद्याची सगळी भांडणं दोनच गोष्टींवरून होतात, ओलावा आणि माती. काळ्या जमिनीतून पावसात काढलेल्या सोयाबीनच्या काड्यांना चिखल चिकटून येतो. ती माती साचा घासून खाते, आणि पुढे भट्टीतही राखच वाढवते. शेडचालक माती धरून वजन कापतो. ओलावा किती कापायचा, हे तो मुठीत भुसा दाबून ठरवतो. समोर उभ्या शेतकऱ्याला ते मान्य करावंच लागतं, कारण ट्रॉली परत नेण्याचं भाडं त्याच्याच अंगावर पडतं. ओलावा मोजायचं हातातलं साधं यंत्र मिळतं. सोयाबीनच्या दाण्याला बाजार समितीत ते लावतातच. गुळीला ते का लावू नये, याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

या शेडमधली धूळ हा वेगळा विषय. दळणयंत्राच्या पलीकडच्या भिंतीवरचं काही स्पष्ट दिसत नव्हतं. मजुरांच्या तोंडाला रुमाल, एवढंच संरक्षण. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला वैद्यकात बगॅसोसिस असं नावच आहे. साखर पट्ट्यातल्या डॉक्टरांना तो ठाऊक असतो. स्वच्छ इंधन म्हणून जे विकलं जातं ते तयार करणाऱ्याच्या छातीत धूळ जात असेल तर ते इंधन अजून पुरतं स्वच्छ झालेलं नाही. धूळ ओढणारे पंखे आणि बरे मास्क यांचा खर्च ब्रिकेटच्या भावात धरलाच पाहिजे.

इथून माल कुठे जातो? डाळमिल, दूध प्रक्रिया, तेलाचे कारखाने, सोलापूरकडे टॉवेल-चादरींच्या रंगाईचे बॉयलर. हे बॉयलर लहान असतात, कोळशाच्या शेगडीवर ब्रिकेट सहज चालते. नवं यंत्र लागत नाही, हवेच्या झडपा नव्याने लावाव्या लागतात आणि नळ्या जास्त वेळा झाडाव्या लागतात. मला यात सर्वांत जास्त जमेची बाजू दिसते: लहान भट्टी, जवळचा माल, आणि कोळशाची राख फेकायचा ताप कमी. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. शेकडो किलोमीटरांवरून आपण ती भाडं देऊन आणतो.

पाच टक्क्यांचा अर्थ

मोठ्या औष्णिक केंद्रांचं गणित मात्र वेगळं आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये कोळशात बायोमासच्या गोळ्या मिसळण्याचं सुधारित धोरण आणलं आणि ‘समर्थ’ नावाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. २०२३ च्या सुधारणेनुसार २०२४–२५ पासून पाच टक्के आणि २०२५–२६ पासून सात टक्के असं प्रमाण ठरलं. उत्तरेत जाळल्या जाणाऱ्या पराळीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, धुराने दिल्लीचा श्वास कोंडत होता. त्यावरचा हा एक उपाय. दादरीच्या केंद्रात एनटीपीसीने हे मिश्रण आधी यशस्वी करून दाखवलं होतं. देशात दरवर्षी साधारण तेवीस कोटी टन पीक अवशेष शिल्लक राहतात, असा केंद्राचा अंदाज आहे.

आता हे प्रमाण आपल्या अंगणात लावून बघू. धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. पूर्ण क्षमतेने चाललं तर त्याला दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज हजार टन गोळ्या. केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही, हे धरूनही वर्षाला दोन-अडीच लाख टन. सोयाबीनच्या हेक्टरी टन-सव्वा टन गुळी हाती लागते असं मानलं, तर एका केंद्राच्या पाच टक्क्यांसाठी दोन लाख हेक्टरांच्या आसपासची गुळी लागेल. एवढं क्षेत्र म्हणजे या जिल्ह्याच्या सोयाबीनचा मोठा हिस्सा, तोही शेळीला आणि जमिनीला काहीच न ठेवता. परळीची गरज त्यापुढे.

पंजाबात भाताचा पेंढा खरोखर नको असलेला माल आहे. तिथे ओलिताचं पाणी आहे, पीक दरवर्षी ठरलेलं येतं. इथे उरलेला माल किती, हे पाऊस ठरवतो. चांगल्या वर्षी ढीग पेटवावे लागतात, वाईट वर्षी तोच माल चारा होतो. पंजाबातल्या पराळीसाठी केलेलं धोरण इथे जसंच्या तसं आणलं तर दुष्काळाच्या वर्षी भट्टी आणि गोठा एकमेकांसमोर उभे राहतील, आणि करार भट्टीच्या हातात असेल.

आणि तरीही मी या मिश्र भट्टीच्या बाजूचा आहे. कारण नुसत्या बायोमासवर चालणारा कारखाना दुष्काळात थांबू शकत नाही. त्याला बँकेचे हप्ते भरायचे असतात, तो मिळेल त्या भावाने गुळी, तुराट्या, शेवटी बांधावरच्या बाभळीही ओढून घेतो. कोळसाही जाळू शकणारी भट्टी मात्र मागे सरू शकते. पाऊस झाला त्या वर्षी तिने गुळी खावी, कोळसा वाचवावा. पाऊस गेला त्या वर्षी गुळी गोठ्याला सोडून कोळशावर यावं. पण ही मुभा करारात लिहून घेतल्याशिवाय प्रत्यक्षात येणार नाही.

राख कुठे जाते

तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, गाव ढोकीपासून जवळच. कुंभाराचा आवा शेणी, भुसकट, काटक्यांवर भाजला जायचा. त्या परिसरातल्या वीटभट्ट्यांत आज कच्च्या विटांच्या थरांमध्ये कोळशाची भुकटी आणि बगॅस एकत्र घालतात, आणि कारखान्याची राख मातीत मिसळतात. वीट हलकी होते आणि आतूनही भाजली जाते. मिश्र जाळण हे धोरणकर्त्यांना नवीन असेल, वीटवाल्यांना नाही.

डिस्टिलरीच्या पाकाची राख त्याहून मोलाची. उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश शेवटी तिच्यात उतरतं. २०२१ पासून या राखेपासून केलेल्या पोटॅश खताला केंद्राच्या अनुदान योजनेत जागा मिळाली आहे. आपल्याला लागणारं पोटॅश देश जवळजवळ सगळं आयात करतो, हे लक्षात घेतलं तर ही राख म्हणजे शेताला परत द्यायची ठेव आहे. पण त्या बॉयलरमध्ये कोळसा जास्त जाळला, तर त्याची मातकट राख मिसळून पोटॅशचं प्रमाण घसरतं आणि ते खताच्या कसोटीला उतरत नाही. त्यामुळे कोळसा कुठल्या भट्टीत घालायचा आणि कुठल्या भट्टीत टाळायचा, हे ठरवायला हवं. पाकाच्या भट्टीला जोड बगॅसची असावी, कोळसा दुसरीकडे वळवावा. हे कारखान्याच्या अभियंत्यांना सांगावं लागत नाही. प्रश्न संचालक मंडळाने त्यांचं ऐकण्याचा आहे.

येत्या हंगामासाठी कारखाने, ब्रिकेटवाले आणि वीज कंपन्या शेतकऱ्यांशी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांशी गुळीचे करार करतील. माझी जिल्ह्यातल्या सगळ्या संचालकांना आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की त्या कागदांत तीन कलमं घालावीत. ओलावा यंत्राने मोजून त्याची पावती वजनाच्या पावतीसोबत द्यावी. पाचट खरेदी करणार नाही, असं लिहून द्यावं. आणि ज्या वर्षी ज्या तालुक्यात चारा छावणीची मागणी येईल, त्या वर्षी त्या तालुक्यातली गुळीची खरेदी थांबेल, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दंड लागणार नाही. शेतकऱ्यांनीही ही तीन कलमं वाचून खात्री झाल्याशिवाय करारावर अंगठा किंवा सही करू नये.